स्पेनच्या राजाचा पुतळा स्वतंत्र मेक्सिकोने का जपला?

सायली (प्रश्न)
मेक्सिको सिटीत राष्ट्रीय कला संग्रहालयासमोर स्पेनचा राजा चौथा कार्लोस याचा कांस्याचा अश्वारूढ पुतळा आहे. शिल्पकार मानुएल तोल्सा यांनी घडवलेल्या या पुतळ्याचे अनावरण १८०३ मध्ये झाले आणि १८२१ मध्ये मेक्सिको स्पेनच्या अमलातून मुक्त झाला. ज्या राजाने तो देश कधी पाहिलाही नाही, त्याला आजही चौथऱ्यावर का ठेवले आहे? छायाचित्र मोठे करून पाहिले, तेव्हा घोड्याच्या खुराखाली बाणांचा भाता दिसला. तो मूळ रहिवाशांच्या पराभवाचे चिन्ह मानला जातो, हे वाचल्यापासून मन अस्वस्थ आहे.

धातुवेध
हा पुतळा सहजासहजी वाचलेला नाही. १७९६ मध्ये मुख्य चौकात आधी लाकडाचा, सोनेरी मुलामा दिलेला तात्पुरता पुतळा उभारला होता. कांस्याचे ओतकाम १८०२ च्या ऑगस्टमध्ये झाले, आणि त्यानंतर छिन्नीकाम व घासकाम यांतच वर्षाहून अधिक काळ गेला. अनावरणानंतर पाचच वर्षांत, १८०८ मध्ये, कार्लोसला सिंहासन सोडावे लागले. स्वातंत्र्यानंतर पुतळा झाकून ठेवला गेला आणि तो वितळवून टाकावा, असेही सुचवले गेले. मेक्सिकोचे राजकारणी आणि इतिहासकार लुकास आलामान यांनी त्याचे कलामूल्य पटवून दिले, म्हणून तो विद्यापीठाच्या आवारात, लोकांच्या रोषापासून दूर, हलवण्यात आला. १८५२ मध्ये तो पुन्हा रस्त्यावर आला आणि १९७९ पासून सध्याच्या जागी आहे. मेक्सिको हे शिल्प कलाकृती म्हणून जपतो, अशा आशयाचा लेख चौथऱ्यावर कोरलेला आहे. तुमच्या प्रश्नाचे अधिकृत उत्तर तेच.

सायली
मनापासून आभार. तरीही ‘कलाकृती म्हणून पाहा’ एवढ्याने माझे समाधान होत नाही. पाहणाऱ्याला त्या भात्याचा अर्थही कुणीतरी समजावून सांगायला हवा.

ओतकामगार
तुमचे म्हणणे रास्त आहे. मात्र तो अर्थ सांगायचा, तर आधी पुतळा शाबूत राहिला पाहिजे, आणि इथेच मला फार वाईट वाटते. २०१३ मध्ये साफसफाईच्या नावाखाली त्यावर नायट्रिक आम्ल वापरले गेले. कांस्यावर काळाच्या ओघात चढणारे गडद हिरवट पुट म्हणजे मळ नव्हे. हवा आणि ओल यांच्याशी संयोग होऊन ते तयार होते आणि स्थिर झाले की आतल्या धातूला आवरणासारखे राखते. नायट्रिक आम्ल तांबे विरघळवते, त्यामुळे ते पुट निघालेच, शिवाय खालचा उघडा पडलेला धातूही खाल्ला गेला आणि पुतळ्याच्या अंगावर पिवळट-तांबूस ओघळ उमटले. काम अर्ध्यावर थांबवण्यात आले. दुरुस्त झालेला पुतळा लोकांना पुन्हा दिसायला जून २०१७ उजाडले. गेलेले मूळ पुट मात्र कोणत्याही दुरुस्तीने परत येत नाही.

धातुवेध
एक राहिलेच. तिथले लोक या पुतळ्याला राजाच्या नावाने ओळखतच नाहीत. ते त्याला ‘एल काबायितो’, म्हणजे ‘छोटा घोडा’, म्हणतात. १९७९ मध्ये पुतळा ज्या हमरस्त्यावरून हलवला, तिथे १९९२ मध्ये शिल्पकार सेबास्तियान यांचे २८ मीटर उंचीचे पिवळे अश्वमस्तक उभे राहिले. त्यालाही लोक त्याच नावाने हाक मारतात, म्हणून छायाचित्रे शोधताना दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका.