सोयाबीन ७,३०० नं गेलं अन् शेजारची पोरगी युक्रेनच्या सुमी शहरात अडकली. काकाला भाव सांगू कसा?

कास्तकार_मंगरूळ
७ मार्च २०२२, रात्री १०:४०

मंडळी, प्रश्न शेतीचा आहे का माणसाचा, मलाच कळेना. चुकीच्या जागी टाकला असेल तर हलवा.

बावीस कट्टे सोयाबीन दिवाळीपासून घरात पडून होतं. ऑगस्टात दहा हजाराचा भाव ऐकला, अन् आमचा माल निघेस्तोवर पाच हजारावर आला. त्या रागानं ठेवून दिलं. पोरं कट्ट्यांवर बसून अभ्यास करायची. आज सोमवार, माल नेला, हर्रासात क्विंटलला ७,३०० नं सुटला. मापारी म्हणे, "पुतीनच्या नावानं नारळ फोड बाप्पा." सगळे हसले, मीही हसलो. येताना अर्धा किलो पेढे घेतले.

गाडी दारात लावली तर शेजारच्या काकाकडे माणसं जमलेली. त्यांची मोठी पोरगी युक्रेनमध्ये डॉक्टरकीला आहे, चौथं वर्ष, सुमी नावाच्या शहरात. रशियाची हद्द तिथून पन्नास किलोमीटरच्या आत. २४ फेब्रुवारीला पहाटे हल्ला झाला तेव्हापासून होस्टेलच्या तळघरात जाणं-येणं चालू. मधात नळ बंद झाले तर पोरींनी बाहेरचा बर्फ बादलीत भरून वितळवला. तो व्हिडिओ अख्ख्या गावानं पाहिला. काकू म्हणाल्या, "आपल्या इथं उन्हाळ्यात टँकर तरी येते, माय."

आज त्यांना बसमध्ये बसवलं होतं. गोळीबार थांबायचं काही पक्कं झालं नाही म्हणून पुन्हा उतरवलं. काका हे सांगत होते अन् माझ्या हातात पेढ्याचा पुडा. मी तो शर्टाच्या आत घातला. चाळिशीचा माणूस, चोरावानी.

काकानं विचारलं, "काय भाव लागला रे?" मी म्हणलं, साडेसहा हजार. काऊन खोटं बोललो, काय माहीत.

आता खरी अडचण. काकाकडे अजून चाळीस कट्टे आहेत. पोरीच्या फीपायी शेतावर बँकेचा बोजा आहे अन् मार्चअखेर तोंडावर आलाय. हा भाव लढाईमुळे चढला, एवढं मलाही समजतं. उद्या तिकडं समेट झाला तर उतरेल. अन् काका रोज संध्याकाळी मारुतीपुढे उभे राहून तेच मागतात, थांबो म्हणून. मी कोणत्या तोंडानं सांगू की थांबायच्या आत विकून टाका?

भाव किती दिवस टिकेल तेही सांगा.

---

अडतवाला_खामगाव
७ मार्च, रात्री ११:१५

आधी हिशेब. सूर्यफुलाचं तेल आपण जवळपास सगळं बाहेरून आणतो, त्यातलं बहुतांश युक्रेनचं. तिथली बंदरं बंद, जहाजं भरणं बंद. मग गिऱ्हाईक वळलं सोयातेलाकडे अन् पामकडे. सोयाबीन तेवढ्यासाठी तापलं. वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांचे आगाऊ सौदे, आपल्याकडे डिसेंबरपासून सेबीनं, बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, बंदच ठेवलेत, त्यामुळे पुढच्या महिन्याचा अंदाज कोणी सांगत असेल तर तो मनचा. मीही सांगत नाही.

कापूस मात्र लढाईच्या आधीपासून दहा हजाराच्या वर आहे, तो बोंडअळी अन् कमी पिकाचा भाव. ते पुतीनच्या खात्यात टाकू नका.

काकांना म्हणा, निम्मं काढा, निम्मं राहू द्या. पेढ्याचं तुमचं तुम्ही पाहा. आम्ही रोज कोणाच्या तरी नुकसानीवर भाव लावतो. ब्राझीलमध्ये दुष्काळ पडला तेव्हाही तुमचं सोयाबीन चढलंच होतं, तेव्हा पुडा शर्टात घातला होता का?

---

गुरुजी_आर्वी
८ मार्च, सकाळी ६:५०

खामगावकर, बोलणं कडू आहे पण खोटं नाही.

मी १९७१ ला शाळेत होतो. ऑगस्टात रशियाशी करार झाला अन् डिसेंबरात लढाई. आमचे वडील रेडिओला कान लावून बसत. अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागरात आलं तेव्हा रशियाच पाठीशी उभा राहिला, हे ते मरेपर्यंत सांगत. माझा भाऊ भिलाईच्या कारखान्यात लागला, तोही रशियाच्या मदतीनं उभा राहिलेला. त्यामुळे २ तारखेला संयुक्त राष्ट्रांत १४१ देश रशियाच्या विरोधात गेले अन् आपण मत दिलं नाही, ते मला पटलं. पण मोठ्या देशानं शेजाऱ्याच्या घरात रणगाडे घालावेत, हे काही केल्या गळी उतरत नाही. दोन्ही खरं आहे, काय करू.

---

तुरीची_शेंग
८ मार्च, सकाळी ९:०५

गुरुजी, नमस्कार करून एक सांगते. तेव्हा ज्याला आपण रशिया म्हणायचो, त्यात युक्रेनही होता. १९९१ ला वेगळा झाला. दोस्ती अर्धी त्यांच्याकडेही निघते.

अन् ते लोक आपल्यासारखेच काळ्या मातीचे. १९३२-३३ ला स्टॅलिनच्या माणसांनी घराघरातून धान्य उचलून नेलं, लाखो माणसं उपाशी मेली, तीही गव्हाच्या मुलखात. मी कृषी महाविद्यालयात मातीच्या तासाला त्यांच्या जमिनीचं नाव पाठ केलं होतं, चेर्नोझेम. नकाशात तेवढा काळा पट्टा बघून वाटायचं, केवढं नशीब. मूळ प्रश्नाला उत्तर नाही माझ्याकडे, माफ करा.

---

दारव्ह्याची_आई
८ मार्च, दुपारी १:३०

माझा मुलगा चेर्निव्हत्सीला होता, २ तारखेला घरी आला. त्याचं नशीब, रोमानियाची हद्द जवळ होती. तरी बस सोडून थंडीत पायी चालले. सोबतच्या पोरीनं बॅग वाटेत टाकली, ह्यानं उचलली, अजून आमच्या घरी पडून आहे. तो पोचेपर्यंत आमच्याकडेही असंच, दिवसभर माणसं. प्रत्येकाच्या मोबाइलवर नवीन बातमी. "खार्किव्हमध्ये कर्नाटकाचा पोरगा गेला म्हणे," हेही मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं एकीनं. पीठ मळत होते, तशीच बसले.

त्या दिवसांत मला आठवतो तो आमच्या मागच्या घरचा म्हातारा. एक शब्द बोलला नाही. सकाळ-संध्याकाळ यायचा, म्हैस दोहायचा, चरवी ओट्यावर ठेवून जायचा.

दादा, तुम्ही भावाचं काही बोलूच नका. "काका, माझी गाडी गुरुवारी रिकामी आहे, तुमचे कट्टे न्यायचे का?" एवढंच विचारा. हो म्हणायचं की नाही ते ते बघतील. अन् साडेसहाचं खोटं तेवढं दुरुस्त करा, ते उद्या बाजारात कळणारच.

---

कास्तकार_मंगरूळ
९ मार्च, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार. खामगावकर, ब्राझीलचं लागलं. नव्हता घातला.

काल पोरी निघाल्या. सुमीहून सातशेच्या आसपास मुलं, बसनं पोल्टाव्हा, तिथून रेल्वेनं लव्हीवकडे, मग पोलंड. काकानं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागं पेनानं ती गावं लिहून ठेवलीत, एस.टी.च्या थांब्यावानी. पोल्टाव्हावर बरोबरची खूण झाली तेव्हा काकू पहिल्यांदा जेवल्या.

बाई, तुम्ही सांगितलं तसं गाडीचं विचारलं. काका म्हणे, "अन् भाव साडेसहाच मिळन का?" मी खाली मान घातली. म्हणे, "लेका, मोबाइल माह्याकडेबी हाये. सोमवारीच पाह्यला, सात हजार तीनशे. तुले वाटलं बुढ्याले धक्का बसन."

मी म्हणलं, मग गुरुवारी नेऊ का. म्हणे, "पोरगी पोलंडात पाय ठेवन, मंग. तवर घरातलं काहीच हलवायचं नाही." असं काही शास्त्र आहे का, माहीत नाही. मी हट्ट केला नाही. पेढे आमच्याच पोरांनी संपवले.

---

कास्तकार_मंगरूळ
१४ जून २०२२, सकाळी ८:१०

धागा वर काढतो, कारण तीन-चार जणांनी विचारलं.

पोरगी मार्चातच सुखरूप आली. काकानं माल मेमध्ये काढला, भाव तोवर खाली आला होता, बँकेचं कसंबसं भागलं. मी ओळखतो त्या माणसाला, त्याला याचं दुःख नाही. माझ्याच जिवाला लागलं होतं ते.

ती घरी बसून ऑनलाइन शिकते. पाटीलवाड्याच्या टाकीवर चढलं की रेंज येते, म्हणून भर उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून टाकीवर बसते. शिकवणाऱ्या मॅडम तिकडेच आहेत. मधातच सायरन वाजतो, मॅडम म्हणतात दहा मिनिटं थांबा, अन् तळघरात जातात. पोरगी टाकीवर वाट पाहत बसते. पुढं काय, इथल्या कॉलेजात घेतील का, काही ठरलं नाही.

युद्धाचा हिशेब आता खतात निघतोय. पोटॅशचं पोतं १,७००. आपण ते सगळं बाहेरून आणतो, त्यात रशिया अन् बेलारूसचा वाटा मोठा. सोयाबीनमध्ये आलेले पैसे तिकडंच परत चालले म्हणायचे. काकानं सहा कट्टे घरचं बियाणं राखलंय, गोणपाटात शंभर दाणे घातले होते, चौऱ्याहत्तर उगवले. पाऊस अजून नाही.

१०:२६:२६ खताचं पोतं कोणाकडे छापील किमतीला, म्हणजे १,४७० ला, मिळतंय का? आमच्या इकडचा एक दुकानदार सोबत दोन बाटल्या टॉनिक घ्या म्हणतो, नाही तर खत संपलं म्हणतो. कारंजा-मानोऱ्याकडे असेल तर सांगा, गाडी घेऊन येतो. दोन घरचं न्यायचं आहे.