तालुक्याच्या गावी बिअर शॉपी टाकायची आहे, अनुभवी लोकांनी सांगावं

केळीवाला_करमाळा

नमस्कार. करमाळ्याजवळ जेऊर रस्त्याला आमचे दोन गाळे आहेत. एकात खताचं दुकान आहे, दुसरा दिवाळीपासून रिकामा. घरची पाच एकर केळी. मागच्या वर्षी वादळात घडासकट बाग आडवी झाली, तेव्हापासून वाटतंय की रोज हातात पैसा येईल असं काहीतरी हवं. बिअर शॉपीचा विचार चाललाय. एक एजंट म्हणतो, परवान्याचं सगळं मी बघतो, तू फक्त पैसे दे.

गाळा रस्त्याला लागून आहे, चालेल का? माल नेमका कुठे अडकतो? आणि एक. आमचे अण्णा माळकरी आहेत, आषाढी-कार्तिकी कधी चुकवली नाही. त्यांच्याशी अजून बोललेलो नाही. घरच्या विरोधातून कोणी गेलंय का?

शॉपीवाली_ताई

दादा, मी सातारा जिल्ह्यातली. दुकान आमच्या मिस्टरांचं, ते गेल्यावर वारस म्हणून परवाना माझ्या नावावर झाला. सासूबाईंनी वर्षभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही, त्यामुळे तुमचा शेवटचा प्रश्न मला समजतो. पण आधी जागेचं सांगते, कारण जागा बसली नाही तर बाकीचं बोलून उपयोग नाही.

गाळा नगरपरिषदेच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या, ते आधी पक्कं करा. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद केली. वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांना नंतर २२० मीटर केलं. १ एप्रिल २०१७ ला आमचं शटर खाली आलं. जुलैत कोर्टाने खुलासा केला की पालिका हद्दीतल्या दुकानांना हे लागू नाही, म्हणून आम्ही वाचलो. तरी कागद फिरून दुकान उघडेपर्यंत गणपती होऊन गेले. ग्रामपंचायतीचे निकष वेगळे आहेत, ते राज्य उत्पादन शुल्कच्या अधीक्षक कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. एजंटच्या तोंडून ऐकू नका. शाळा आणि देवळापासून ७५ मीटरचं अंतरही बघा. अर्जाआधी स्वतः टेप धरून मोजा.

माल कुठे अडकतो विचारलंत. बिअरला साधारण सहा महिन्यांची तारीख असते. मार्च ते जून आपला हंगाम, म्हणून मिस्टरांनी त्या मार्चअखेरीला गोडाऊन छतापर्यंत भरलं होतं. आणि कुलूप लागलं. काही पेट्या परवानगीने दुसऱ्या दुकानदाराला दिल्या, उरलेल्यांची तारीख आतच उलटली. मग साहेबांसमोर पंचनामा करून एकेक बाटली उघडून गटारात ओतली. पेटीत १२ बाटल्या. मी बुचं काढत होते, मिस्टर ओतत होते. दुपारपर्यंत माझ्या अंगठ्याचं कातडं निघालं आणि गल्लीभर आंबूस वास. तेव्हापासून मी पंधरा दिवसांच्या वर माल भरत नाही, कंपनीचा माणूस कितीही स्कीम सांगो. नवा माल मागे, जुना पुढे, आणि दर सोमवारी तारखा बघायच्या.

खरा खर्च थंडाव्याचा आहे. एप्रिलात लाइट गेली आणि बाटली कोमट झाली की गिऱ्हाईक थांबत नाही. फ्रीजचं आणि इन्व्हर्टरचं भांडवल आधी धरा, रंगरंगोटी नंतर.

वाइनचं थोडक्यात. आपल्याकडे वाइन शॉप म्हटलं की लोक व्हिस्कीच मागतात. तो परवाना वेगळा. तुमचा एफएल-बीआर टू, त्यावर फक्त बिअर आणि वाइन, तीही सीलबंद. दुकानात बसून कोणी प्यायलं तर जबाबदारी तुमची. छोट्या गावात गोड पोर्ट खपते, नाशिकची चांगली वाइन डिसेंबरात चार-सहा शिक्षक मंडळी नेतात. बुचाची असेल तर आडवी ठेवा, आणि पत्र्याखाली उन्हाळ्यात ठेवूच नका.

एजंटच्या पैशाने किंवा दुसऱ्याच्या नावाच्या परवान्यावर दुकान चालवू नका. यावर माझा जीव तुटतो, कारण असं करून बुडालेली दोन घरं माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

आणि वय. बिअर-वाइनला २१ पूर्ण लागतं. आमच्या शेजारणीचा मुलगा बारावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी तीन मित्रांना घेऊन आला. काकू, फक्त चार टिन. मी दिले नाहीत. पोरगा महिनाभर मला बघून रस्ता बदलायचा. पण त्याच्या आईसमोर मी आजही हळदीकुंकवाला मान वर करून बसते. गावात दुकान टिकतं ते यावर.

सरपंचीण_नव्हे_सदस्य

ताईंचं पटलं, तरी दुसरी बाजू सांगते. आमच्या गावात आम्ही बाटली आडवी केली, म्हणजे बायकांच्या मतदानाने दारूचं दुकान बंद केलं. २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या जमवायला चार महिने लागले. मग मतदान, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. झालेल्या मतांच्या नाही, गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला लागतात. लेकी बाळंतपणाला आलेल्या, म्हाताऱ्या खाटेवर, सगळ्यांना उचलून आणलं. दुकानदार वाईट नव्हता. पण दुकानामागच्या ओढ्यात पिणारे बसायचे आणि आमच्या मुली शाळेतून त्याच वाटेने यायच्या. त्याने ती वाट एकदा येऊन बघितली असती, तर आम्ही सह्यांना निघालोच नसतो. दादा, अर्जाआधी गाळ्यामागे काय आहे ते बघा, आणि खताच्या दुकानात येणाऱ्या बायकांना विचारा.

वरोऱ्याचा

चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली, २०२१ मध्ये उठली. माझ्या मामाची शॉपी होती. कर्ज काढून घेतलेले तीन फ्रीज त्याने दूध डेअरीवाल्याला निम्म्यात विकले. नियमाने चालणारं दुकानही एका निर्णयाने बंद होतं, तेव्हा शेतावर कर्ज काढून या धंद्यात उतरू नका, एवढंच.

शॉपीवाली_ताई

सदस्यताई, ओढ्याचं अगदी खरं. मी रोज रात्री बंद करताना मागच्या बोळात बॅटरी घेऊन एक चक्कर मारते, काचा उचलते. करमाळ्याच्या दादांनो, अण्णांना बाहेरून कळण्याआधी तुम्ही सांगा. माझ्या सासूबाई पाणी घ्यायला लागल्या त्या दुकान चाललं म्हणून नाही. एकदा मी हिशोबाची वही त्यांच्यासमोर ठेवली आणि नातवाची फी कुठून भरली ते दाखवलं. दुकानात मात्र त्या अजून येत नाहीत, आणि मी बोलवत नाही.

केळीवाला_करमाळा

सगळ्यांचे आभार. आज धाकट्या भावाला घेऊन टेप धरला. विठ्ठल मंदिर लांब आहे, पण गाळ्यामागून झेडपीच्या शाळेचं फाटक ६४ मीटर भरलं. दोनदा मोजलं. म्हणजे हा गाळा गेला. एजंटला हे माहीत असणार, तरी तो परवा टोकन मागत होता. नाही म्हणून कळवलं.

चुलत्यांची पालिका हद्दीत एक जागा आहे, ती बघायची का ते ठरलेलं नाही. अण्णांना आज सांगितलं. रागावले नाहीत, पण रात्री जेवले नाहीत. उद्या पहाटे दोघं कंदरला केळीच्या गाडीसोबत जाणार आहोत, वाटेत बोलेन.