सरकते बोर्ड बंद करा, रंगवलेल्या पाट्या परत आणा

कोरेगाववाला
एसटी स्टँडचं नाव घेत नाही, दुखणं काही एकाच ठिकाणचं नाही. साताऱ्याहून महाबळेश्वरला दोन रस्ते. एक मेढा, केळघरवरून, दुसरा पाचवड, वाई, पाचगणीवरून. केळघरला उतरणाऱ्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गाड्या झाल्या. फलाटावरचा लाल अक्षरांचा बोर्ड मात्र आधी नुसतं 'महाबळेश्वर' म्हणतो. मग तेच इंग्रजीत. मग वेळ. मग 'आपला प्रवास सुखाचा होवो'. मग स्वच्छता राखा. आणि मग कुठं जाऊन 'मार्गे' सरकत येतं, तोवर कंडक्टरने डबल बेल मारलेली असते.

मुंबईचंही तेच. मुंबईला निघालेला माणूस 'मुंबई' शोधत उभा राहतो आणि बोर्डावर येतं परळ, बोरिवली. सांगलीची गाडी कराडवरून आष्ट्याकडून जाणार की तासगावकडून, हे ड्रायव्हरलाच विचारायचं.

पूर्वी पत्र्याच्या पाटीवर फलाटाच्या नंबराखाली 'कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड' असं ओळीने रंगवलेलं असायचं. एका नजरेत कळायचं, हा आपला फलाट. वाट बघावी लागत नसे. माझं म्हणणं एवढंच की कुठं, कुठून आणि किती वाजता या तीन गोष्टी जो बोर्ड एकदम दाखवू शकत नाही, तो बंद ठेवावा. रद्द झालेल्या गाडीपुढे 'वेळेवर' लिहिणारा तर आजच बंद करावा.

पोवई_नाका
पाटी एवढी गुणाची होती तर तिच्यावर कागद का चिकटवलेले असायचे? वेळ बदलली की आधी खडू, मग स्केचपेनने लिहिलेला कागद, पाऊस लागला की शाई ओघळलेली. बंद पडलेल्या फेऱ्या वर्षानुवर्षं पाटीवर जिवंत. पेंटर बोलवायचा तर वरून मंजुरी, कोटेशन, बिल. सरकता बोर्ड एका माणसाला संगणकावरून मिनिटात बदलता येतो.

तुम्ही सांगताय तो दोष बोर्डाचा नाही, त्यात काय भरायचं हे ठरवणाऱ्याचा आहे. सुविचार काढा, इंग्रजी वेगळ्या ओळीत टाका, सरकवणं थांबवून आख्खी ओळ पाच-सहा सेकंद स्थिर ठेवा. बोर्ड तोच, त्रास निम्मा.

जावळीचा_पाव्हणा
स्थिर ठेवा म्हणणं सोपं आहे. स्वस्तातला बोर्ड १६ टिंबं उंच असतो, म्हणजे दिव्यांच्या १६ रांगा. इंग्रजी मोठ्या अक्षरांना तेवढी रग्गड होतात, त्यांच्या वर-खाली काही नसतं. आपल्याला वर वेलांटी, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय. मधल्या अक्षराला उरतात जेमतेम आठ-नऊ टिंबं. 'उंब्रज'मधला ब्र लांबून नुसता ब दिसतो, 'पुसेगाव'चा उकार तळाच्या ओळीत गडप होतो. त्यात दिव्यांची एक रांग गेली की शिरोरेषाच नाही! देवनागरीला किमान २४ आणि जमलं तर ३२ टिंबांची उंची पाहिजे, आणि ती निविदेतच लिहायला पाहिजे. नंतर ओरडून उपयोग नाही. शिवाय 'छत्रपती संभाजीनगर' त्या रुंदीत बसतच नाही, सरकवल्याशिवाय दाखवणार कसं?

आणखी एक. आमचं कुडाळ जावळीतलं, दुसरं सिंधुदुर्गात. औंध खटावात आहे आणि पुण्यातही आहे. नागठाणे साताऱ्याजवळ एक, पलूसकडे एक. तालुका न लिहिता नुसतं गाव टाकलं की परगावचा माणूस फसणारच. यात रंगवलेली पाटीही तेवढीच दोषी, हे कोरेगाववाल्यांनी लक्षात घ्यावं.

निवृत्त_कंट्रोलर
चौकशीच्या खिडकीच्या आतली बाजू कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. सकाळची ड्युटी सुरू होते तेव्हा एक ड्रायव्हर आलेला नसतो, एक गाडी वर्कशॉपमध्ये असते, तिसरीचं टायर गेलेलं असतं. मुंबईहून येणारी गाडी खंबाटकीच्या घाटात अडकली हे मला कधी कळणार? ड्रायव्हरने फोन केला तर. आणि चालत्या गाडीत त्याने फोन करायचा नाही. मग बोर्डावर 'लेट' लिहायचं ते किती मिनिटं? अंदाजाने पंधरा लिहिलं आणि चाळीस झाली, तर शिव्या मलाच.

आता यात्रा धरा. आषाढीला पंढरपूर, पौषात मांढरदेवी, त्याच्या आधी पुसेगाव. जादा गाड्या आकाशातून पडत नाहीत, रोजच्या फेऱ्यांतूनच काढाव्या लागतात. बोर्ड चालतो वेळापत्रकावर, आणि वेळापत्रकाला वारी माहीत नसते. बदल हाताने भरायचे, ते भरणार कोण? जो माणूस कंडक्टरच्या नोंदी करतो, माईकवर बोलतो, रिझर्व्हेशनचा घोळ निस्तरतो आणि 'वडूज लागली का?' याला दिवसभर उत्तर देतो, तोच.

तरीही बोर्ड बंद करायला माझा विरोध आहे. बऱ्याच गाड्या ठरल्या वेळेला जातात. त्या बघून गर्दी परस्पर पांगते. बोर्ड बंद केलात की सगळे खिडकीत, आणि मग खरंच ज्याची गाडी रद्द झालीय त्याला विचारायला जागा मिळत नाही.

सज्जनगड_९
एवढा काथ्याकूट कशाला? गाड्यांना जीपीएस आहे, मोबाईलवर बघा. काही वर्षांत बोर्ड कुणी बघणारही नाही.

माणदेशी_बाई
बघा म्हणे मोबाईलवर. ७५ च्या पुढच्यांना तिकीट माफ झालं, २०२३ पासून बायकांना अर्धं झालं. आता गाडीत कोण बसलेलं असतं, एकदा चढून बघा. आमच्याकडे दहिवडीच्या बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या गाडी ओळखतात ती 'शाळेची', 'अकराची', 'मुक्कामाची' अशी. मुक्कामाची गाडी चुकली तर रात्र स्टँडवर. त्यांच्या हातातला फोन लेकाला लावायला असतो, ॲप उघडायला नाही. आणि ज्यांना उघडता येतं त्यांचं चार्जिंग संध्याकाळपर्यंत टिकतं का? स्टँडवर आलेल्या माणसाला स्टँडनेच सांगितलं पाहिजे.

ऐकणारा
वाचता न येणारे आणि न दिसणारे, दोघेही या चर्चेत नाहीत. माझ्या वडिलांना दिसत नाही. त्यांच्यासाठी बोर्ड रंगवलेला काय आणि सरकता काय. त्यांना माईक पाहिजे, आणि माईकवरचं वाक्य उलटं असतं. 'फलाट क्रमांक चार वर उभी असलेली, व्हाया कोरेगाव जाणारी, गाडी क्रमांक अमुक, दहिवडी...' गावाचं नाव ऐकू येईपर्यंत फलाटाचा आकडा विसरलेला असतो. आधी गाव, मग मार्ग, शेवटी फलाट, आणि फलाट दोनदा. याला ना निविदा लागते ना दिवे. कर्णा पत्र्याच्या छताखाली घुमतो ते मात्र वेगळं दुखणं.

माहुली_स्टेशन
रेल्वेकडून शिका. प्रत्येक गाडीला पाच आकडी नंबर, बोर्डावर नंबर, नाव, वेळ, प्लॅटफॉर्म, आलटून पालटून तीन भाषा. इकडे गाडीला नंबर द्या, अर्धा गोंधळ मिटेल. पुण्यात सिटी बसला नंबर आहेतच की.

पोवई_नाका
माहुलीच्या रेल्वे स्टेशनवर दिवसातून गाड्या किती येतात आणि स्टँडवरून सुटतात किती? रेल्वेला रूळ बदलल्याशिवाय प्लॅटफॉर्म बदलता येत नाही. इथं फलाटावर आधीची गाडी उभी असेल तर ड्रायव्हर शेजारी घुसवतो. नंबर दिलात तरी 'दहिवडीची का?' विचारणारा तेच विचारणार. पुण्यात नंबर चालतो कारण माणूस रोज त्याच बसने जातो. यात्रेला एकदाच निघालेल्याला नंबर पाठ असणार आहे का?

कोरेगाववाला
कंट्रोलरसाहेबांचं पटलं, म्हणून मागणी बदलतो, सोडत नाही. तुम्हीच म्हणता बोर्ड वेळापत्रकावर चालतो. मग त्यावर 'वेळेवर' हा शब्द आला कुठून? गाडी कुठं आहे हे ठाऊक नसताना वेळेवर म्हणणं ही थाप झाली. तिथं 'वेळापत्रकाप्रमाणे' लिहा. प्रवासी समजून घेतो, चौकशी करतो. 'वेळेवर' वाचून तो चहाला जातो.

मार्गाचं म्हणाल तर माहिती नव्याने भरायची गरजच नाही. कंडक्टरच्या तिकीट मशीनमध्ये त्या फेरीचे सगळे टप्पे असतात, सहा-सहा किलोमीटरचे, नाहीतर भाडं कसं काढलं असतं? पैसे घ्यायला केळघर माहीत आहे, मग दाखवायला का नाही? तीच यादी बोर्डाला जोडा. आणि फलाटाच्या नंबराखाली पत्र्याची पाटीही राहू द्या, नुसती गावांची, वेळेशिवाय. गावं काही दर महिन्याला हलत नाहीत.

निवृत्त_कंट्रोलर
वेळेशिवाय पाटी, हे चालेल. 'वेळापत्रकाप्रमाणे' लिहायलाही हरकत नाही, पण ते वरूनच ठरावं लागेल, आगाराच्या हातात नाही. मशीनमधली यादी जोडायची तर गाडी बदलली, कंडक्टर बदलला की जोडणीही बदलायची. परत माणूस आलाच.

जावळीचा_पाव्हणा
यादी फेरीची असते हो, कंडक्टरची नाही. फेरी तीच राहिली तर बदलायचंय काय?

निवृत्त_कंट्रोलर
तीच राहिली तर. यात्रेच्या दिवसांत या, दाखवतो.

सज्जनगड_९
सगळे स्टँडच्या आतच भांडताय. पुण्याहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्या आत येतच नाहीत, साताऱ्याला बॉम्बे रेस्टॉरंटपाशी हायवेवर माणसं उतरवून निघून जातात. कराडला कोल्हापूर नाक्यावर तेच. तिथं रात्री बॅगा घेऊन उभ्या राहिलेल्यांना ना पाटी, ना बोर्ड, ना माईक, ना खिडकी. लांबून दिवे दिसले की रस्त्यात हात करायचा. त्यांनी काय वाचायचं?

माणदेशी_बाई
हे मात्र बरोबर बोललात. तिथं आधी एक दिवा आणि बसायला बाकडं टाका, मग काय वाचायचं ते बघू.