विंगेगार्ड खरंच तयार आहे का? शनिवारी टूर सुरू होतेय

काटोलरोडवाला | गुरुवार, २७ जून २०२४

मंडळी, परवा २९ तारखेला फ्लोरेन्सहून टूर दि फ्रान्स ही तीन आठवड्यांची सायकल रेस सुरू होतेय आणि माझ्या डोक्यात एकच विषय आहे, योनास विंगेगार्ड. २०२२ आणि २०२३ दोन्ही टूर त्याच्या नावावर, पण ४ एप्रिलला बास्क कंट्रीच्या रेसमध्ये उतारावरच्या वळणात सायकलवाल्यांचा एकमेकांवर जो ढीग पडला त्यात कॉलरबोन मोडलं, बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला मार बसला वर त्याच्या बाहेर छातीत हवा साठली, १२ दिवस हॉस्पिटलात होता. तिथून टूरच्या सुरुवातीपर्यंत मोजून बारा आठवडे. मधल्या काळात एकही रेस नाही, नुसता फ्रान्समधल्या टीन्यला डोंगरात सराव, आणि आता थेट टूर.

मी स्वतः मागच्या पावसाळ्यात चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना गिट्टीवर घसरलो, कॉलरबोनच गेलं होतं. तीन महिन्यांनी फुटाळा तलावाला एक चक्कर मारायची तरी खांदा दुखायचा, आणि हा माणूस तेवढ्याच वेळात तीन आठवडे जगातल्या सगळ्यात भारी लोकांशी भिडणार. तुम्हाला काय वाटतं, जिंकायला येतोय की नुसता हजेरी लावायला? मला मनापासून तो जिंकावा असं वाटतं म्हणून विचारतोय.

सेमिनरी_रिपीट्स

स्पष्ट सांगतो, जिंकणार नाही. मागच्याच वर्षीचं आठव. त्याचा मोठा प्रतिस्पर्धी पोगाचार २३ एप्रिलला लिएजच्या रेसमध्ये पडला, मनगट मोडलं, सराव बिघडला, तरी पहिले दोन आठवडे विंगेगार्डच्या चाकाला चाक लावून होता आणि आपण सगळे म्हणत होतो काही फरक पडलेला नाही. मग तिसरा आठवडा आला. कोंब्लूच्या टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाशी लढायच्या रेसमध्ये, २२ किलोमीटरात १ मिनिट ३८ सेकंद गेले आणि दुसऱ्याच दिवशी कोल द ला लोझच्या घाटावर पावणेसहा मिनिटं. शेवटी फरक ७ मिनिटं २९ सेकंदांचा. तुटलेल्या सरावाचं बिल पहिल्या आठवड्यात येत नाही, तिसऱ्यात येतं, आणि ते तर नुसतं मनगट होतं, पाय घरी जागेवर फिरवायच्या ट्रेनर-स्टँडवर चालू होते. फुप्फुस गेलेला माणूस सुरुवातीला ट्रेनरवर तरी किती जोर लावणार.

त्यात समोर पोगाचार कोणत्या फॉर्मात आहे बघ. यंदाच्या जिरोमध्ये, म्हणजे इटलीच्या तीन आठवड्यांच्या टूरमध्ये, ६ स्टेज (एकेका दिवसाच्या रेस) आणि ९ मिनिटं ५६ सेकंदांची आघाडी, त्याआधी स्त्रादे बियांके या एका दिवसाच्या रेसला ८० किलोमीटरच्या वर एकट्यानं मारलं.

रामटेक_गड

अरे पण भाऊ, जिरोचे तीन आठवडे पायात घेऊन पोगाचारबी थकून येऊन राहिला ना, ते काऊन कोणी धरत नाही हिशोबात? जिरो आन् टूर एकाच वर्षी पँतानीनं १९९८ मध्ये मारली, त्यानंतर या जून २०२४ पर्यंत कोणाले जमलं नाही. २०१८ ले फ्रूम जिरो जिंकून आला आन् टूरमध्ये तिसरा राहिला.

आन् विंगेगार्ड पडायच्या आधी काय करून राहिला होता ते विसरले का तुम्ही लोक? फेब्रुवारीत ग्रान कामिन्योमध्ये तीन स्टेज आन् रेस, मार्चमध्ये तिरेनो दोन स्टेज मारून जिंकली. एवढा बेस काही हवेत उडून जात नाही. मले वाटते पहिला आठवडा फक्त चाक धरून राहील, तिसऱ्यात खेळ सुरू करील. तिसऱ्या आठवड्यातले घाट बघ, बोनेट २८०२ मीटर, इझोला २०००, मग कुयोल, शेवटी मोनॅको ते नीस टाइम ट्रायल. यंदा ऑलिम्पिकमुळे पॅरिसमध्ये फिनिश नाही, शेवटच्या दिवशीबी रेस खुली. लांब, उंच, थकवणारे चढ म्हणजे त्याचंच रान आहे. पोगाचार एका धक्क्यात वेळ काढते, हा पोरगा पाचव्या तासाले काढते.

फिजिओ_धरमपेठ

काटोलरोडवाला दादा, तुमचा खांदा कसा आहे आता? मी रोज असे पेशंट बघते म्हणून दोन गोष्टी लिहिते.

फुप्फुसाच्या बाहेर हवा साठली की फुप्फुस आक्रसतं, नळी घालून ती हवा काढावी लागते, पण ते एकदा नीट उघडलं की तरुण निरोगी माणसात बहुतेक वेळा कायमचं नुकसान राहत नाही. खरा त्रास बरगड्यांचा. पाच-सहा आठवडे खोल श्वास घेतला की कळ येते, म्हणजे तेवढे दिवस जोराचा सराव नाहीच, आणि पडून राहिल्यावर सगळ्यात आधी जाते ती अगदी वरची ताकद, सलग चढत राहायची ताकद त्यामानाने टिकते. म्हणून सेमिनरी_रिपीट्स यांचं तिसऱ्या आठवड्याचं म्हणणं मला अर्धंच पटतं. मला वाटतं तो छोट्या तीव्र चढावर आधी मागे पडेल. रविवारी बोलोन्याला सान लुकाचा चढ दोनदा आहे, जेमतेम दोन किलोमीटर पण १० टक्क्यांच्या वरचा चढ. पोगाचार तिथे उडी मारणारच.

पण माझी काळजी वेगळीच आहे. तो चढताना नाही पडला, उतरताना पडला. हाड जुळतं, श्वास परत येतो, पण वळणावर ब्रेकवरची बोटं कधी सुटतील हे एक्स-रेमध्ये दिसत नाही.

काटोलरोडवाला

ताई, खांदा बरा आहे, विचारलंत बरं वाटलं. आणि तुम्ही नेमकी जागा पकडली. मी ज्या दिवशी परत चिखलदऱ्याला गेलो त्या दिवशी चढलो आधीसारखाच, सेमाडोहच्या बाजूने, घड्याळात दोन मिनिटांचा फरक. पण उतरताना प्रत्येक वळणाच्या आधी हात आपोआप आवळायचे, मी ठरवून ढिले सोडायचो आणि पुढच्या वळणाला परत तेच. सोबतची पोरं खाली चहा पिऊन मोकळी झाली होती मी पोचलो तेव्हा. कोणी काही बोललं नाही पण मला कळत होतं की पाय परत आलेत आणि मी नाही आलो अजून. विंगेगार्डचं तर पोटच यावर आहे, घरी लहान मुलगी आहे, अशा माणसाने ताशी ८० ने वळणात झुकायचं म्हणजे काय, हे आपण टीव्हीपुढे बसून सहज बोलतो.

बुटीबोरी_हेडविंड

विंगेगार्डच्या टीमबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. मागच्या वर्षी तिन्ही मोठ्या टूर या एकाच टीमनं जिंकल्या, रोग्लिचनं जिरो, यानं टूर, सेप कुसनं व्हुएल्टा. आता रोग्लिच बोरा टीमकडे गेला आणि याच महिन्यात दोफिनेची रेस जिंकून बसलाय, कुस कोविडमुळे टूरमधून बाहेर, याच टीमच्या व्हान आर्टनं मार्चमध्ये पडून त्यानेही कॉलरबोन आणि बरगड्या मोडून घेतल्या. डोंगरात सोबत कोण उरलं तर जॉर्गेनसन, तो मात्र फॉर्मात आहे, पॅरिस-नीस जिंकली आणि दोफिनेमध्ये फक्त ८ सेकंदांनी हुकला. तिकडे पोगाचारसोबत अ‍ॅडम येट्स आणि आल्मेइदा, हे दोघं आत्ताच टूर द स्वीसला पहिला-दुसरा आलेत, वर आयुसो. २०२२ ला गालिबिए घाटावर रोग्लिच आणि विंगेगार्डनं आळीपाळीने हल्ले करून पोगाचारला दमवलं आणि मग ग्रानोंच्या चढावर विंगेगार्डनं त्याला २ मिनिटं ५१ सेकंद मागे टाकलं, तो डाव यंदा उलटा होऊ शकतो. आठ-आठ जणांच्या टीमची रेस आहे ही, एकट्याच्या पायांवर जिंकता येत नाही. त्रुआच्या ३२ किलोमीटर मुरमाच्या रस्त्यावर पंक्चर झालं तर चाक द्यायलाही कोणी जवळ लागतं.

सेमिनरी_रिपीट्स

ताईंचा उताराचा मुद्दा वाचून रूट परत काढून बघितला. मंगळवारी, २ जुलैला, चौथी स्टेज, पिनेरोलो ते व्हालोआर. गालिबिए २६४२ मीटर आणि फिनिश वर माथ्यावर नाहीच, खाली गावात आहे, साधारण १९ किलोमीटर उतरायचंय. पोगाचारला माथ्यावर दहा सेकंद जरी मिळाले तरी तो उतारावर खेचणार, आणि विंगेगार्डला तेव्हाच ठरवावं लागेल. मी मघाशी तिसरा आठवडा म्हणालो, पण खरं उत्तर चौथ्या दिवशीच मिळेल असं आता वाटतंय.

रामटेक_गड

हे बरोबर बोलला. माझा डाव तोच आहे, पोडियमच्या, म्हणजे पहिल्या तिघांच्या, खाली येत नाही तो, लिहून ठेव. पण गालिबिएच्या उतारावर वीस-पंचवीस सेकंदांच्या आत राहिला तरच पहिल्या नंबरच्या पिवळ्या जर्सीची गोष्ट करू.

काटोलरोडवाला

मंगळवारी मग माझ्याकडे या सगळे, गोरेवाड्याच्या अलीकडेच आहे घर. आपल्याकडे रात्री नऊच्या आसपास फिनिश होते, गालिबिए सुरू व्हायच्या आत बसू. ताई तुम्हीपण या. चढताना बोला हवं तेवढं, पण माथा ओलांडला की मला त्याचे हात बघायचेत, ब्रेकवर कुठे आहेत ते.