शक्तिमान साखळीनं ओढू नका, लोबेडवर चढवा
भाऊ, जालन्याच्या भंगारातला शक्तिमान, म्हणजे लष्कराचा जुना ट्रक, ट्रॅक्टरला साखळीनं बांधून बीडला न्यायचं म्हणताय, ते सोडा. फोर बाय फोर गाडी आहे, चारी चाकांना इंजिनाची ताकद जाते. एवढं लांब ओढायची तर पुढचा-मागचा दोन्ही प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे चाकांकडे ताकद नेणारे फिरते दांडे, काढावे लागतात, नाहीतर गिअरबॉक्स कामातून गेलाच म्हणून समजा. त्यात टायर! नक्षी शाबूत दिसते, पण बाजूला नख जाईल एवढ्या भेगा असतात. लोबेडच, म्हणजे अवजड गाड्या नेणारा ठेंगणा ट्रेलरच, सांगा, तेही पावसाआधी. गाडी चढवायला आणलेली क्रेन काळ्या रानात रुतली की तिलाच काढत बसाल.

आणि बयाणा देण्याआधी लिलावाचा मूळ विक्री दाखला, म्हणजे फॉर्म २१, बघाच. लष्करातल्या गाडीची नोंद आरटीओत नसते, नव्यानं करावी लागते. बाणाचा नंबर, म्हणजे बाणाची खूण असलेला लष्करी नंबर, तिथं चालत नाही. चेसिस नंबरही फ्रेमवरचाच दाखल्याशी ताडून घ्या.