लेझरने तारा बनवता येतो, मग खरा तारा पुन्हा कशाला लागतो?

मृगशीर्ष:
एका लेखात चिलीतल्या पारानालच्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणींचा फोटो पाहिला, एकाच दुर्बिणीवरून चार नारिंगी लेझर वर गेलेत. हवेमुळे येणारा धूसरपणा मोजायला निरीक्षणाच्या जागेजवळ ठळक तारा लागतो आणि तो नसेल तिथे लेझरने कृत्रिम तारा बनवतात, इथवर समजलं. पण 'तरीही एक खरा तारा लागतोच' एवढं सांगून लेखक पुढच्या विषयाकडे वळलाय. का लागतो? कुणी नीट सांगेल का?

भिंगवाला:
नेमक्या जागी बोट ठेवलंत. मी हौशी माणूस, आरसे घासून दुर्बिणी बनवतो, पण हा माझा फार आवडता विषय आहे.

उल्का जळतात तेव्हा त्यांतलं सोडियम साधारण ९० किमी उंचीवर साठून राहतं. ५८९ नॅनोमीटरचा लेझर तिथे पोचला की ते अणू प्रकाश शोषून पुन्हा चहूकडे सोडतात. त्यातला थोडासा दुर्बिणीत परत येतो. तोच आपला तारा.

आता आठ इंची दुर्बिणीतून २०० पट मोठा करून व्याध बघा. ठिपका फुगतो, फुटतो, कडा उकळल्यासारख्या दिसतात. शिवाय अख्खा ठिपका जागेवरून इकडेतिकडे सरकतो. पहिला बिघाड लेझर-तारा छान मोजतो. दुसरा त्याला मोजता येत नाही, कारण तो किरण त्याच हवेतून वर गेलेला असतो. जाताना हवेने त्याला डावीकडे वळवलं, तर वरचा ठिपकाच डावीकडे पडतो. येताना तीच हवा त्याला तेवढाच उलट वळवते. जाऊन यायला लागतात जेमतेम ०.६ मिलिसेकंद, तेवढ्यात हवा काही बदलत नाही. म्हणजे कॅमेऱ्याला ठिपका स्थिर दिसतो आणि जिचा फोटो घ्यायचाय ती दीर्घिका मात्र हलत राहते!

पारानालला लेझर मुख्य आरशातून सोडत नाहीत, बाजूने सोडतात. त्यामुळे जायची-यायची वाट तंतोतंत एक नसते आणि ठिपका थोडा हलतोही. पण तो जाताना हलला की येताना, हे वेगळं काढता येत नाही. खऱ्या ताऱ्याचा प्रकाश हवेतून एकदाच येतो, म्हणून त्याच्यावाचून गत्यंतर नाही.

मृगशीर्ष:
हे कुणीच असं सांगितलं नव्हतं, आभार! पण मग फायदा काय झाला? तारा शोधावा लागलाच की.

भिंगवाला:
फायदा प्रचंड आहे. उकळी मोजायची तर आलेला प्रकाश अनेक छोट्या भिंगांत वाटावा लागतो आणि सेकंदाला शेकडो वेळा मोजावा लागतो. प्रत्येकाच्या वाट्याला येतं किती? म्हणून तारा चांगला ठळक हवा, १३ व्या प्रतीच्या आसपास तरी (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद), आणि अगदी शेजारी. असे तारे आकाशाच्या फार थोड्या भागात मिळतात. सरकणं मोजायला नुसता ठिपक्याचा मध्य पुरतो, सगळ्या आरशाचा प्रकाश एकत्र वापरता येतो. १८ व्या प्रतीचा, म्हणजे १०० पट मंद ताराही चालून जातो आणि तो जरा लांब असला तरी बिघडत नाही. हवाईतल्या केक-२ दुर्बिणीवर लेझर-ताऱ्याची सोय आली आणि आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या ताऱ्यांच्या कक्षा आणखी बारकाईने मोजता आल्या. खगोलशास्त्रज्ञ अँड्रिया गेझ यांना २०२० चं नोबेल त्याच कामासाठी मिळालं.

उत्तरा:
यात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. पुण्याची खगोलशास्त्र संस्था आयुका आणि अमेरिकेतलं कॅलटेक यांनी मिळून रोबो-एओ ही हवेचा धूसरपणा काढणारी यंत्रणा बनवली, आधी कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या दीड मीटर दुर्बिणीवर. तिचा लेझर ३५५ नॅनोमीटरचा, अतिनील. सोडियमचा संबंधच नाही, सुमारे १० किमीवरच्या हवेच्या रेणूंनी विखुरलेला प्रकाश वापरतात. झोत डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे वैमानिक दिपण्याची भीती नाही. नारिंगी लेझरसाठी हवाईत रात्रभर माणसं बाहेर बसवून विमानांवर नजर ठेवायचे, ती गरज इथे उरली नाही.

भिंगवाला:
बरं झालं आठवण केलीत. सरकण्याचा प्रश्न तिथेही आहेच. पण केप्लर या अंतराळ दुर्बिणीला जिथे ग्रहांची शक्यता दिसली ते तारे बघताना तो ताराच पुरेसा ठळक असतो. भराभर फ्रेम घ्यायच्या आणि नंतर संगणकावर एकावर एक जुळवायच्या. मृगशीर्ष, ग्रहांचे व्हिडिओ स्टॅक करणारे आपण हौशी लोकही हेच करतो. गुरूवर करून बघा.