उषा उथुप: मोठी गायिका की नुसतं स्टेजचं व्यक्तिमत्त्व?

खर्जसा:
उषा उथुप म्हटलं की लोक कांजीवरम, मोठी टिकली आणि हातभर बांगड्या यांवरच थांबतात. मला बाईंच्या आवाजाबद्दल बोलायचंय. 1969 साली मद्रासच्या ‘नाइन जेम्स’ नाइटक्लबमध्ये त्या साडी नेसून गायला उभ्या राहिल्या. नायिकेचा आवाज उंच पट्टीतला आणि नाजूकच हवा, असं तेव्हा हिंदी सिनेमात ठरूनच गेलं होतं. शाळेत तर त्यांना संगीताच्या वर्गातूनच बाहेर काढलं होतं, कारण आवाज बाकीच्यांत बसेना. तरी त्यांनी पट्टी चढवली नाही की आवाज गोड केला नाही. पुढे कलकत्त्याचं ‘ट्रिंकाज’ रेस्टॉरंट, मग सिनेमात 1978 चा ‘शालिमार’, 1980 चा ‘शान’, आणि थेट 2011 मध्ये ‘सात खून माफ’मधलं ‘डार्लिंग’. त्यासाठी रेखा भारद्वाज यांच्यासोबत फिल्मफेअर. 2024 मध्ये पद्मभूषण. आपल्या पॉप संगीतात इतका लांबचा पल्ला कुणी मारलाय?

मुखडा_अंतरा:
असहमत. टिकून राहणं वेगळं आणि मोठं असणं वेगळं. बाईंच्या ‘हरि ओम हरि’ची चाल ‘वन वे तिकीट’ या इंग्रजी गाण्याची. ‘कोई यहाँ नाचे नाचे’ बगल्स या ब्रिटिश बँडच्या गाण्यावरून उचललेलं. तुम्ही सांगितलेलं ‘डार्लिंग’सुद्धा ‘कालिन्का’ या रशियन गाण्यावर बेतलेलं. बाकी स्टेजवर बहुतेक दुसऱ्यांचीच इंग्रजी गाणी. बाईंची स्वतःची म्हणावीत अशी गाणी किती निघतील?

खर्जसा:
चाल कुठून आणली याचा जाब संगीतकाराला विचारा ना! ‘डार्लिंग’मध्ये दोघींचे आवाज लागोपाठ ऐकून बघा. रेखा भारद्वाज यांचा आवाज श्वासात भिजलेला, मागे रेंगाळणारा. उषाबाई आल्या की तोच शब्द पाय रोवून उभा राहतो. चाल तीच, पण बाई वेगळी वाटते. हे काम गायिकेचं आहे.

गच्चीवरचा_रेडिओ:
आवाज दमदार आहे, मान्य. पण सगळं एकाच जोमात. टाळ्या वाजवा, माझ्याबरोबर गा, चला नाचूया! विरहाचं, हळवं असं त्यांचं एकही गाणं मला आठवत नाही. पन्नास वर्षं एकच रंग लावला तर त्याला सातत्य म्हणायचं की मर्यादा?

पार्कस्ट्रीटकर:
मध्येच एक मुद्दा. 1980 च्या दशकात पश्चिम बंगालच्या एका मंत्र्यांनी उषाबाईंच्या गाण्यांना ‘अपसंस्कृती’ ठरवलं आणि सरकारी सभागृहं त्यांना बंद झाली. बाई कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. कलकत्ता सोडून गेल्या नाहीत, गाण्याचा बाज बदलला नाही. त्याच शहरात पुन्हा उभ्या राहून गायल्या. कारकीर्द मोजताना हेही धरा.

गच्चीवरचा_रेडिओ:
त्या धाडसाला सलाम. पण त्याने गाण्याची रेंज वाढत नाही. दोन्हींची गल्लत नको.

खर्जसा:
रेंजबद्दल बोलायचं तर त्यांचं ‘मलाइका’ ऐका. स्वाहिली प्रेमगीत आहे, लग्नाला पैसे नाहीत म्हणून हताश झालेल्या प्रियकराचं. तिथे त्या आवाज पूर्ण आवरतात. तोच भारदस्त खर्ज, पण धार काढून घेतलेला. हिंदी सिनेमाने त्यांना क्लबच्या गाण्यांतच अडकवलं, हा आपल्या संगीतकारांचा कोतेपणा. खालच्या पट्टीतल्या बाईला विरहाचं गाणं द्यावं असं कुणाला सुचलंच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

गच्चीवरचा_रेडिओ:
‘मलाइका’ आत्ता ऐकलं. सुंदर आहे. एकच रंग म्हणालो ते मागे घेतो. संगीतकारांबद्दलही पटलं.

मुखडा_अंतरा:
मीही ऐकलं, छान गायल्यात. पण तेही दुसऱ्याचंच गाणं! माझा आक्षेप तिथल्या तिथेच आहे.

खर्जसा:
ख्याल गाणारे पिढ्यान्‌पिढ्या त्याच बंदिशी गातात. तिथे कुणी विचारतं का, बंदिश तुमची स्वतःची आहे का म्हणून?

मुखडा_अंतरा:
बंदिशीत गायक तासभर स्वतःचा विस्तार करतो. तीन मिनिटांच्या कव्हरमध्ये, म्हणजे दुसऱ्याचं गाणं पुन्हा गाण्यात, तेवढी जागा कुठे असते?

खर्जसा:
तीन मिनिटांत आवाज ओळखू येतो ना? मला तेवढी जागा पुरते.